स्पेन्सर: हुद्दा, आडनाव, मग नाव

'स्पेन्सर' या इंग्रजी नावाचा अर्थ 'दानशूर' असा सांगितला जातो, ते बरोबर नाही. मूळ शब्द जुन्या फ्रेंचमधला 'देस्पान्सिए', म्हणजे सरदाराच्या वाड्यातलं कोठार सांभाळून धान्य-सामान मोजून देणारा. आपल्याकडचा कोठावळाच! सुरुवातीचं 'दे' उच्चारात झिजलं. 'डिस्पेन्सरी'त तेच मूळ अजून शाबूत दिसतं.

आडनावाचं नाव कसं झालं, याचा तर लखलखीत दाखला आहे. लंडनचे मेयर राहिलेले सर जॉन स्पेन्सर यांची एकुलती एक मुलगी एलिझाबेथ, ती लग्न करून कॉम्प्टन घराण्यात गेली. १६०१ साली तिला मुलगा झाला, त्याचं नाव ठेवलं स्पेन्सर कॉम्प्टन. आईचं माहेरचं आडनाव जसंच्या तसं! पुढे त्याच घराण्यात हे नाव पुन्हापुन्हा येतं. १७४२ मध्ये ब्रिटनचे पंतप्रधान झालेले स्पेन्सर कॉम्प्टन हे या पहिल्या स्पेन्सरचे नातू.