हवाई टपालाच्या संग्रहात कोऱ्या तिकिटांचं काय काम?

पाकीटप्रेमी:
ज्यांना राग यायचा त्यांना येऊ दे, पण सुरुवातीच्या हवाई टपालाची कोरी, म्हणजे न वापरलेली, तिकिटं जमवणं म्हणजे लग्नाला न जाता नुसती पत्रिका जपून ठेवणं. जमवायचं तर तिकीट-शिक्क्यासकट टपालातून गेलेलं अख्खं पाकीट. जे तिकीट कधी उडालंच नाही, ते हवाई कसलं?

सुरुवातच बघा. १८ फेब्रुवारी १९११, अलाहाबाद. आंरी पेके हा फ्रेंच वैमानिक सुमारे साडेसहा हजार पत्रं घेऊन प्रदर्शनाच्या मैदानावरून निघाला आणि यमुना ओलांडून नैनीला उतरला. अंतर जेमतेम दहा किलोमीटर. जगातलं पहिलं अधिकृत हवाई टपाल म्हणून हेच उड्डाण धरलं जातं, आणि त्यासाठी खास तिकीट निघालंच नव्हतं! पत्रांवर नेहमीची तिकिटं आणि त्यांवर 'फर्स्ट एरियल पोस्ट' असा किरमिजी गोल शिक्का. शिक्क्यात डोंगरांवरून उडणारं विमान. (अलाहाबाद ते नैनी डोंगर कुठून आले, देव जाणे.) जे काही आहे ते त्या शिक्क्यात आहे. तिकीट पाण्यात टाकून सोडवलंत की हातात उरतं रोजचं तिकीट.

दंतुर:
असहमत. तुमचं उदाहरण तुमच्यावरच उलटतंय. नैनीला पत्र विमानाने पोचवायची कुणाला घाई होती? पत्रामागे सहा आणे जादा घेतले, ते एका वसतिगृहाच्या मदतीला गेले. नैनीहून पुढे पत्रं नेहमीच्याच टपालाने गेली. थोडक्यात, हौशी मंडळींनी आठवण म्हणून पाठवलेली पाकिटं. टपालाची गरज त्यात शून्य.

तिकीट म्हणजे सरकारने अधिकृतपणे काढलेली वस्तू. मे १९१७ मध्ये इटलीने तुरीन-रोम चाचणी उड्डाणासाठी आपल्या २५ चेंतेसिमीच्या एक्स्प्रेस तिकिटावर ओव्हरप्रिंट (आधीच्या तिकिटावर वरून छापलेली अक्षरं) मारला, ते पहिलं सरकारी हवाई तिकीट. मार्च १९१८ मध्ये ऑस्ट्रियाने व्हिएन्ना-क्राकोव-ल्विव सेवेसाठी जुन्याच तिकिटांवर 'फ्लुगपोस्ट' छापलं. मे महिन्यात अमेरिकेने ओव्हरप्रिंटचा नाद सोडून थेट विमानाचं चित्र असलेलं २४ सेंटचं तिकीट काढलं. ही चढण तिकिटं ओळीने लावल्याशिवाय दिसत नाही.

आणि उलट्या जेनीचं काय करणार? जेनी म्हणजे त्या २४ सेंटच्या तिकिटावरचं विमान. १४ मे १९१८ ला विल्यम रोबीने वॉशिंग्टनमध्ये २४ डॉलर मोजून शंभर तिकिटांचा ताव घेतला, त्यात प्रत्येक विमान उलटं. चौकट आणि विमान वेगवेगळ्या रंगांत, दोन फेऱ्यांत छापायचे, एका फेरीत कागद उलटा गेला. पुढे ताव फोडून विकताना प्रत्येक तिकिटामागे पेन्सिलने त्याचा क्रमांक घातला. १९५५ साली चोरीला गेलेल्या चार जोड तिकिटांच्या चौकडीतलं एक तिकीट २०१६ मध्ये उगवलं, तेव्हा ते तावातलं नेमकं कुठलं हे ठरवता आलं. इतका चोख माग किती पाकिटांचा लागतो, सांगा.

पाकीटप्रेमी:
उलटी जेनी हा छापखान्याचा इतिहास झाला, टपालाचा नव्हे.

तुमच्याच २४ सेंटवर बोलू. त्यातले दहा सेंट स्पेशल डिलिव्हरीचे, म्हणजे तातडीने घरपोच देण्याचे, होते. जुलैमध्ये दर सोळावर आला, डिसेंबरात सहावर. तिन्ही तिकिटांवर तेच विमान, फक्त रंग वेगळे. म्हणजे २४ सेंटचा दर टिकला जेमतेम दोन महिने. त्या दोन महिन्यांत, त्याच दराने, कामधंद्यासाठी गेलेलं पत्र शोधून दाखवा, मग कळेल दुर्मीळ कशाला म्हणतात. कोऱ्या संचात तिन्ही तिकिटं शेजारी-शेजारी गुमान बसतात, यातलं एक अक्षर बोलत नाहीत.

भिंगवाला:
दोघांचं चालू द्या, पण खोटेपणाबद्दल कुणीच बोललं नाही. न्यूफाउंडलंडचं (आता कॅनडात) १९१९ चं हॉकर तिकीट घ्या, हॉकर या वैमानिकाच्या अटलांटिकपार उड्डाणासाठी काढलेलं. कॅरिबूचं (रेनडिअरचं) चित्र असलेल्या नेहमीच्या ३ सेंटच्या तिकिटावर पाच ओळींचा काळा ओव्हरप्रिंट, एकूण तिकिटं फक्त २००. ओव्हरप्रिंटमध्ये एप्रिल छापलंय, विमान निघालं १८ मेला. अटलांटिक काही पार झाला नाही. हॉकर आणि त्याचा जोडीदार ग्रीव्ह समुद्रात उतरले, एका जहाजाने त्यांना उचललं. टपालाची थैली नंतर पाण्यातून निघाली.

मूळ तिकीट सहज मिळणारं, वर काळी अक्षरं. नकली बनवणाऱ्याला आणखी काय हवं? कोऱ्या तिकिटात पारख करायला मुख्यतः ती पाच ओळींची अक्षरंच. पाकीट असेल तर तारीख, पोचल्याचा शिक्का, पाण्याचे डाग, सगळं एकमेकांशी जुळावं लागतं. त्यामुळे माझं मत पाकिटाकडे झुकतं.

दंतुर:
डाग काय, नळाखाली धरूनही पडतात! साध्या पाकिटावर मागाहून महागडं तिकीट चिकटवून शिक्का रंगवलेला कधी पाहिला नाहीत?

भिंगवाला:
पाहिलाय की. म्हणून तर शिक्का अर्धा तिकिटावर, अर्धा पाकिटावर असेल तिथेच भिंग लावायचं. तिकिटाच्या दात्यांशी शाईची रेघ सलग उतरली पाहिजे. ती तुटली, जाडी बदलली किंवा रंग वेगळा दिसला की पाकीट परत. नुसत्या तिकिटाला ही परीक्षा देताच येत नाही.

नवाभिडू:
वादात पडत नाही, पण एक विचारू? माझ्याकडे भारताचा १९२९ चा हवाई संच आहे, दोन आणे ते बारा आणे, सहाही तिकिटं कोरी. पाकीट एकही नाही. मग माझा संग्रह काय अर्धवट?

दंतुर:
अजिबात नाही. नाशिकच्या इंडिया सिक्युरिटी प्रेसमध्ये छापलेला, हर्क्युलिस विमानाचं चित्र असलेला संच आहे तो. निवांत ठेवा. फक्त गोंदाच्या बाजूला हिंज (वहीत तिकीट चिकटवायची कागदी पट्टी) लावू नका.

पाकीटप्रेमी:
ठेवा, पण शेजारची जागा रिकामी सोडा. हा संच ऑक्टोबरात आला, कराची-लंडन विमानसेवा मात्र एप्रिलमध्येच सुरू झाली होती. मधले सहा महिने लोक साधी तिकिटं लावूनच विमानाने पत्रं धाडत होते. त्यातलं एखादं मिळवा आणि बारा आण्यांच्या शेजारी लावा. दंतुरराव त्याला हवाई टपाल म्हणणार की नाही, तेवढं ऐकायचंय मला.

दंतुर:
म्हणेन. पण तिकिटांच्या पानावर नाही लावू देणार.