मदत हवी आहे: सीमध्ये पायची सिरीज, उत्तर कायम ४ च येतंय

मालवणकर:
गणपतीच्या सुट्टीआधी अकरावीच्या मुलांना हा प्रोग्रॅम द्यायचाय: पाय = ४ × (१ − १/३ + १/५ − १/७ …). पावसात नेटचा भरवसा नसतो, म्हणून मोबाइलवर ऑफलाइन सी कंपायलर घेतलाय. लूप १००० वेळा फिरतो, एरर नाही, पण उत्तर ४.००००००. पदं वाढवली तरी तेच. लूपमधली ओळ:

बेरीज = बेरीज + चिन्ह * (१ / (२*क + १));

क आणि चिन्ह इंट (पूर्णांक), बेरीज डबल (दशांशासह संख्या). क ० पासून सुरू. पुढच्या ओळीत चिन्ह = -चिन्ह.

गुहागरकर:
लूप बरोबर आहे, घोळ भागाकारात आहे. सीमध्ये दोन्ही बाजूंना इंट असला की भागाकारही इंटच होतो. १/३ म्हणजे ०, १/५ म्हणजे ०. पहिलं पद तेवढं उरतं, त्याला ४ ने गुणलं की ४. बेरीज डबल असून उपयोग नाही, कारण भागाकार आधी होतो आणि साठवणं नंतर. १ च्या जागी १.० लिहा.
मग आधी थोडीच पदं घेऊन बघा: १ पदाला ४, दोनला २.६६६६६७, तीनला ३.४६६६६७. हे जुळल्याशिवाय १००० वर जाऊ नका.

मालवणकर:
जुळलं, मनापासून आभार! पण १००० पदांना ३.१४०५९३ येतंय. तिसराच दशांश चुकतोय. अजून काही राहिलंय का?

रत्नागिरीकर:
प्रोग्रॅम आता बिनचूक आहे सर, सिरीजच फार धिमी आहे. पदांची संख्या न धरली, तर तेवढ्या पदांनंतर चूक साधारण १/न राहते. ३ मीटर व्यासाच्या विहिरीच्या घेरात एवढ्याने ३ मिलिमीटरचा फरक पडतो, चिरा बसवणाऱ्याला तो जाणवणारही नाही. पण एक दशांश वाढवायचा तर पदं दसपट लागतात.
ही सिरीज केरळचा गणिती माधव याची, १४ व्या शतकातली. उरलेल्या शेपटीसाठीची (न घेतलेल्या पुढच्या पदांसाठीची) दुरुस्तीही त्याच परंपरेत आहे आणि ती मुलांना जरूर दाखवा. लूप संपल्यावर, ४ ने गुणण्याआधी:

बेरीज = बेरीज + चिन्ह * न / (४.०*न*न + १);

चिन्ह लूपमध्ये शेवटी उलटलेलं असतं, ते तसंच ठेवा. ४.० च लिहा. नुसता ४ लिहिलात तर पुन्हा इंट भागाकार होऊन दुरुस्ती ० होईल. छापताना दहा दशांश मागा, नाहीतर सहाच दिसतील. १००० पदांना ३.१४१५९२६५३६ येईल. न = १० घेऊनही चालवा: दुरुस्तीशिवाय ३.०४१८४०, दुरुस्तीसह ३.१४१५९०.