गेम हरलो, पुस्तक उघडलं : तुमचं कसं झालं?

एज ऑफ एम्पायर्स २मध्ये बार्बारोसा या जर्मन सम्राटाची मोहीम आहे. तिच्या शेवटच्या लढाईत सम्राट चक्क पिंपात असतो. गाडीवर एक लाकडी पिंप, आणि त्यावर क्लिक केलं की नाव येतं, ‘पिंपातला सम्राट’. ते जेरुसलेमला डोम ऑफ द रॉकपर्यंत सुखरूप पोचवायचं. मी तेव्हा नववीत होतो. हसून हसून पोट दुखलं. म्हटलं, गेमवाल्यांना शेवटी शेवटी कंटाळा आला असणार.

पुढे कधीतरी एका जाडजूड पुस्तकात तेच पिंप भेटलं. तिसरं क्रुसेड (ख्रिस्ती धर्मयुद्ध), १० जून ११९०, सालेफ नदी. साठी उलटलेला फ्रेडरिक बार्बारोसा तिथे बुडून मेला. मुलाने त्याचं शव व्हिनेगरमध्ये घालून जेरुसलेमला न्यायचा घाट घातला. शव काही टिकेना, तेव्हा मांस अँटिऑकमध्ये पुरावं लागलं. म्हणजे मला जी थट्टा वाटली होती तीच खरी निघाली, आणि पिंप जेरुसलेमला पोचतं हा जो विजय मी मिरवला तोच खोटा. तेव्हापासून एक खोड लागली आहे: गेममधली जी गोष्ट सगळ्यांत जास्त थाप वाटेल, तिची चौकशी आधी करायची.

तुमचंही असं काही असणार. ‘गेममुळे इतिहासाची गोडी लागली’ एवढ्यावर भागवू नका. नेमक्या कुठल्या क्षणी गेम थांबवलात आणि काय शोधायला गेलात ते सांगा. गेमने फसवलं असेल तर तेही चालेल, किंबहुना तेच आधी सांगा.

*

माझी गोष्ट भाऊबंदकीची आहे.

क्रुसेडर किंग्ज ३. ८६७ सालापासून सुरुवात केली. एक एक परगणा जोडत राज्य वाढवलं, लग्नं जुळवली, एका मेव्हण्याचा काटा काढला (गेममध्ये). चाळीस वर्षांनी राजा म्हातारा होऊन मेला आणि पुढच्याच क्षणी नकाशाचे तीन तुकडे! तीन मुलं, तीन वाटण्या. मी थोरला म्हणून पुढे खेळायचं आणि ज्यांना मीच लहानाचं मोठं केलं ते दोघे माझ्याच सरहद्दीवर फौजा घेऊन उभे. इतका राग आला की लॅपटॉप मिटला. इतका बिनडोक वारसा नियम कोणी केला असेल?

शोधलं तर कळलं की माझं फार काही बिघडलेलं नव्हतं. शार्लमेनच्या नातवंडांनी हेच केलं. ८४१मध्ये फाँतनुआला भावाभावांच्या फौजा भिडल्या आणि ८४३मध्ये व्हर्दंच्या तहात तिघांनी साम्राज्य वाटून घेतलं. पण मला पकडलं ते मधल्या वर्षाने. ८४२मध्ये स्ट्रासबर्गला दोन भावांनी तिसऱ्याविरुद्ध शपथ घेतली, आणि प्रत्येकाने घेतली ती दुसऱ्याच्या सैन्याला कळेल अशा भाषेत. जर्मन प्रदेशाच्या लुईने रोमान्स (म्हणजे लॅटिनमधून निघालेल्या) बोलीत, फ्रान्सच्या चार्ल्सने जर्मन बोलीत. त्या रोमान्स शपथेच्या चार ओळी म्हणजे फ्रेंच भाषेचा आज उपलब्ध असलेला सर्वांत जुना लेखी नमुना मानतात. राजाने शिपायांना कळावं म्हणून परकी बोली पाठ केली, हे वाचून मी बराच वेळ तशीच बसून होते.

त्या चार ओळींपायी मी फ्रेंच शिकले. गेममधलं राज्य मात्र अजून तीन तुकड्यांतच पडून आहे.

*

+१. एक छोटं. एज २मध्ये ब्रिटनांचा ‘वॉरवुल्फ’ नावाचा शोध विकत घेता येतो, मग ट्रेबुशेचा (दगड फेकणाऱ्या यंत्राचा) नेम सुधारतो. मला ते बनवलेलं नाव वाटायचं. खऱ्या वॉरवुल्फची गोष्ट अशी की १३०४मध्ये स्कॉटलंडमधल्या स्टर्लिंगच्या वेढ्यात इंग्लंडच्या पहिल्या एडवर्डने ते अजस्र यंत्र बांधायला घेतलं. ते उभं राहता राहता किल्ल्यातली मूठभर शिबंदी शरण यायला तयार झाली. एडवर्डने शरणागती घेतलीच नाही. आधी यंत्र चालवून बघितलं. नवीन युनिट तयार झाल्यावर ते वापरल्याशिवाय लढाई न संपवणारे आम्ही एकटेच नाही हे बघून बरं वाटलं.

*

स्ट्राँगहोल्ड (२००१चा पहिला) खेळलेले कोणी आहेत का इथे? गहू, गिरणी, भट्टी, मग पाव. आणि सगळं सुरळीत चालू असताना तटाखाली सुरुंग खणणारे येतात. हातात कुदळ, जमिनीत गडप, आणि थोड्या वेळाने भिंत कोसळते. दारूगोळ्याचा पत्ता नाही. सुरुंग म्हणजे दारू ठासून बत्ती देणं हेच आपल्या डोक्यात. मग दारूशिवाय भिंत पडते कशी? भोक पाडल्याने किल्ला पडत असता तर उंदरांनी सगळे किल्ले जिंकले असते.

उत्तर रोचेस्टरच्या किल्ल्यात मिळालं. तटाच्या पायाखालची माती काढत जायची आणि वरचा भार लाकडी टेकूंवर तोलून धरायचा. पोकळी पुरेशी झाली की टेकूंना आग लावायची. टेकू जळाले की वरचं बांधकाम आपल्याच वजनाने खाली. १२१५मध्ये इंग्लंडच्या राजा जॉनने रोचेस्टरच्या बालेकिल्ल्याखाली असाच सुरुंग खणला आणि नोव्हेंबरात हुकूम धाडला की चाळीस डुकरं पाठवा, चांगली लठ्ठ, पण खायच्या कामाची नसलेली. त्यांची चरबी टेकूंच्या आगीत गेली. बालेकिल्ल्याचा एक कोपरा ढासळला. पुढे तो बुरूज पुन्हा बांधला तो गोल. बाकीचे तीन कोपरे चौकोनी, हा एकटा गोल. आजही फोटोत बघून घ्या.

इथवर मजा होती. पण एकदा वेढ्यांचं वाचायला लागलं की हात थांबत नाही, आणि मग शातो गायार येतो. सिंहहृदयी रिचर्डने सीन नदीवर अवघ्या दोन वर्षांत, ११९६ ते ११९८, बांधलेला किल्ला. १२०३ला फ्रान्सच्या फिलिपने वेढा घातला तेव्हा खालच्या गावातले लोक जीव वाचवायला किल्ल्यात शिरले होते. रसद कमी पडू लागली तशी किल्लेदाराने त्यांना टोळ्याटोळ्यांनी बाहेर काढलं. आधीच्यांना फ्रेंचांनी वाट दिली. नंतरच्यांना दिली नाही. मागे वळले तर किल्ल्याचा दरवाजा बंद. ऐन हिवाळ्यात, तट आणि फ्रेंच वेढ्याच्या मधल्या उतारावर, दोन्ही सैन्यांच्या डोळ्यांदेखत त्यातली कित्येक माणसं उपासमारीने मेली. निकामी तोंडं, असं त्यांना म्हणत.

स्ट्राँगहोल्डमध्ये धान्य कमी पडलं की मी शिधा अर्धा करायचो. लोक कुरकुरायचे, लोकप्रियता घसरायची, काही जण निघून जायचे. कुठे जायचे ते गेम दाखवत नाही आणि मी कधी विचारलंही नव्हतं.

*

मी थोडा विरुद्ध बाजूने बोलतो, कारण इतिहास शिकवणं हाच माझा व्यवसाय आहे.

गेम खेळून आलेला विद्यार्थी मला लगेच ओळखू येतो. त्याला राजांची नावं पाठ असतात, आणि राज्य म्हणजे एका रंगाने भरलेला नकाशाचा तुकडा असंही त्याला वाटत असतं. मध्ययुगीन राजसत्ता अशी रंगवता येत नाही. इंग्लंडचा राजा नॉर्मंडीपुरता फ्रान्सच्या राजाचा मांडलिक असे. तो मुलूख कुठल्या रंगाने भरणार? बटण दाबून फौज उभी राहते हा दुसरा गैरसमज. जहागिरीच्या बदल्यात करायची लष्करी चाकरी पुष्कळ ठिकाणी वर्षाला चाळीस दिवसांची मानली जाई. एकेचाळिसाव्या दिवशी सरदार घरी जायला मोकळा, नाहीतर पैसे मोजा.

आणि रोगराई! आझँकूरची लढाई सगळ्यांना तोंडपाठ, २५ ऑक्टोबर १४१५, चिखल, लांब धनुष्यं. पण त्याआधी हार्फ्लरच्या वेढ्यात इंग्लंडच्या पाचव्या हेन्रीच्या सैन्यात हगवणीने कहर केला होता. आझँकूरला उभे राहिले ते त्यातून उरलेले. हगवण हे काही गेममध्ये घालण्याजोगं दृश्य नाही, हे मान्य.

तरीही एक कबूल करतो. सामंतशाहीची व्याख्या पाठ करून आलेल्यापेक्षा हा चुकीचं शिकून आलेला मुलगा मला परवडतो. त्याच्याशी भांडता येतं.

*

गुरुजींना नमस्कार. मी गेम खेळत नाही, माझा मुलगा खेळतो. एकदा त्याने स्वयंपाकघरात येऊन विचारलं, “आई, हॉर्स कॉलर म्हणजे काय? पंचाहत्तर अन्न आणि पंचाहत्तर लाकूड दिलं की शेत जास्त चालतं.” मी म्हटलं, घोड्याच्या गळ्यातला पट्टा असेल. तो म्हणाला, “पट्ट्याने शेत कसं वाढेल?” मला उत्तर येईना. मग दोघांनी मिळून वाचलं.

ते असतं भरीव गादीचं कडं. घोड्याच्या खांद्यांवर बसतं, त्यामुळे ओढीचा भार गळ्यावर न येता खांद्यावर येतो आणि घोडा पूर्ण जोर लावू शकतो. म्हणून युरोपात घोडा नांगराला जुंपणं परवडू लागलं. गेममधला पुढचा शोध जड नांगराचा, तोही खरा. उत्तर युरोपातली चिकण, ओली माती नुसती ओरखडून भागत नाही, उलटावी लागते. त्यानंतरचा शोध पिकांच्या फेरपालटाचा. शेताचे तीन भाग, एकात हिवाळी धान्य, दुसऱ्यात वसंतातलं, तिसरं पड. मुलाने वहीत तिन्हीची चित्रं काढली आणि खाली किमती लिहिल्या. त्याच्या मते राजेलोक फुकट भाव खातात, खरी कामगिरी त्या कड्याची आहे.

*

मेडिव्हल २: टोटल वॉर. पोपने मला वाळीत टाकलं.

खेळलेल्यांना कळेल. शेजारच्या ख्रिस्ती राज्यावर हल्ला केला, पोपचा निरोप आला की थांबा, मी म्हटलं बघू. दोन खेळ्यांनी बहिष्कार. मग शहरांत असंतोष, सेनापती फितूर. (एक खेळी म्हणजे दोन वर्षं, पण माणसं मात्र त्यात सहाच महिन्यांनी म्हातारी होतात. कोणी विचारू नये.) ज्याच्याकडे माझ्या चौथाई फौज नाही तो म्हातारा माझं राज्य हलवतो कसा?

चौथ्या हेन्रीलाही हेच वाटलं असेल. पोप सातव्या ग्रेगरीने १०७६मध्ये त्याला बहिष्कृत केलं, त्याबरोबर त्याचेच सरदार उठले. जानेवारी १०७७मध्ये हा जर्मनांचा राजा आल्प्स ओलांडून कानोस्साच्या किल्ल्यापाशी गेला आणि तीन दिवस बर्फात, अनवाणी, क्षमेसाठी ताटकळला. किल्ला टस्कनीच्या माटिल्डाचा होता. क्रुसेडर किंग्जवाल्यांनो, ती तुमच्या १०६६च्या नकाशात आहे. बहुतेक जण इथेच थांबतात. पुढचं वाचा. १०८४मध्ये हेन्री रोममध्ये घुसला, स्वतःचा पोप बसवला आणि त्याच्याच हातून सम्राटाचा मुकुट घातला. ग्रेगरी पुढच्या वर्षी सालेर्नोमध्ये परागंदा अवस्थेत वारला. हे वाचून मी जुना सेव्ह उघडला आणि रोमवर चालून गेलो. आपटलो तोंडावर.

*

माझा प्रश्न तारखेचा. युरोपा युनिव्हर्सालिस ४ सुरू होतो ११ नोव्हेंबर १४४४ला. ही कुठली तारीख? आणि पोलंड घेऊन बसलं तर गादीवर राजाच नाही! आदल्या दिवशी, १० नोव्हेंबरला, वार्नाच्या लढाईत पोलंड-हंगेरीचा राजा व्लादिस्लाव ओटोमनांकडून मारला गेला. वय वीस. म्हणजे गेमने आपल्याला बरोबर सुतकातच आणून बसवलंय.

त्यावरून १४५३कडे, ओटोमनांनी कॉन्स्टँटिनोपल घेतलं तिकडे गेलो, गलबतं डोंगरावरून ओढत गोल्डन हॉर्नच्या खाडीत उतरवली तो प्रसंग वाचला, आणि वाटेत कळलं की ज्यांना मी ‘बायझंटाईन’ म्हणून वाचवत होतो ते स्वतःला रोमनच म्हणत. बायझंटाईन हे नाव रूढ झालं ते राज्य बुडाल्यावर.

*

एज २च्या २०१३मध्ये आलेल्या विस्तारात ‘इंडियन्स’ अशी एकच जमात होती. अख्खा उपखंड एका पोत्यात, आणि पोत्यावर उंट. २०२२मध्ये त्याचे चार भाग झाले, आणि राजेंद्र चोळाची मोहीम आली. शाळेत मी चोळ दीड पानात संपवले होते. इथे आरमार घेऊन समुद्रापार श्रीविजयावर स्वारी! १०२५ची ती स्वारी खरी आहे आणि तिथली कोणकोणती ठिकाणं घेतली त्याची यादी तंजावरच्या शिलालेखात कोरलेली आहे. मी ती यादी समोर ठेवून नकाशावर एकेक नाव शोधत बसतो. गेम अर्धवट राहिलाय.

*

एज २मधली सुलतान सलादिनची मोहीम, हत्तीनची लढाई. गेममध्ये मी ती सरळ मारामारी करून जिंकली. घोडे पुढे, धनुर्धारी मागे, संपलं.

४ जुलै ११८७चं खरं वर्णन वाचलं तर मारामारी दुय्यम होती. रणरणत्या उन्हात क्रुसेडर पाण्याविना चालत आले. सलादिनच्या लोकांनी वाळलेल्या गवताला आगी लावल्या. खाली तिबेरियासचं तळं दिसत होतं आणि वाट अडवलेली होती. लढाईनंतर जेरुसलेमचा कैदी राजा गी याला सलादिनने बर्फाचं गार पाणी दिलं. त्याने ते पिऊन पेला शेजारच्या रेनाल्ड या क्रुसेडर सरदाराकडे सरकवला. सलादिन म्हणाला, याला मी पाणी दिलेलं नाही. ज्याला पाणी पाजलं त्याला मारायचं नाही, असा तो रिवाज. रेनाल्डचं डोकं तिथेच उडवलं गेलं.

मी परत गेम लावला आणि वरची पट्टी बघितली. लाकूड, अन्न, सोनं, दगड. पाण्याचा आकडाच नाही.

*

धागा काढणाऱ्यांसाठी खास. तुमचं ते पिंप मी परीक्षेत वापरलं. तिसऱ्या क्रुसेडवर प्रश्न आला, मी आत्मविश्वासाने लिहिलं की बार्बारोसाचं शव पिंपात घालून जेरुसलेमला पोचवण्यात आलं. बाईंनी पिंपाखाली बरोबरची खूण केली होती आणि जेरुसलेमवर लाल काट मारली होती. पाचपैकी दीड.