संत्र्याची एक बी, तीन कोंब: असं कसं?

गच्चीवाली, प्रतापनगर: मुलाने संत्र्याची बी कुंडीत रोवली. एकाच बीतून तीन कोंब आले! शेजारच्या लिंबाच्या रोपावर वेगळंच. पानावर पक्ष्याची शीट दिसली म्हणून पुसायला गेले, तर ती चालायलाच लागली. कोणी सांगेल का?

काटोलचा बागवाला: ताई, दोन्ही खरंच भारी गोष्टी आहेत. संत्र्याच्या एका बीत अनेक भ्रूण असतात. परागीभवनातून होतो तो बहुधा एकच, बाकीचे सरळ आईच्या पेशींपासून, म्हणजे हुबेहूब आई. आमची नर्सरी यावरच चालते. नागपुरी संत्र्याचा डोळा (म्हणजे कळीसकट सालीचा तुकडा) आम्ही जंबेरी या लिंबाच्या जातीच्या खुंटावर (म्हणजे खालच्या मुळाच्या रोपावर) बांधतो, आणि जंबेरीची बीही अशीच, म्हणून खुंट एकसारखे मिळतात. वाफ्यात एखादं रोप वेगळं दिसलं की ते परागीभवनातलं समजून उपटून टाकायचं, हे बाबांनी पहिल्यांदा शिकवलं.

ती शीट म्हणजे लिंबावरच्या फुलपाखराची अळी. लहानपणी काळी-पांढरी, पक्षी ढुंकून बघत नाहीत. मोठी झाली की पानासारखी हिरवी होते. काडीने हळूच टोचून बघा, डोक्यामागून दोन टोकांचं मऊ शिंग बाहेर काढते आन् असा उग्र वास सोडते की मुंग्याही लांब पळतात.

गच्चीवाली: आत्ताच टोचलं. शिंग आलं! मुलगा नाचतोय. मारू का तिला?

काटोलचा बागवाला: नका ना ताई. बागेत आम्हाला नवतीची, म्हणजे नव्या फुटीची कोवळी पानं वाचवावी लागतात, तिथे गोष्ट वेगळी. कुंडीतली कढीपत्त्यावर सोडा, तोही तिला चालतो.