गेमिंगसाठी मॉनिटर: ग्लॉसी की मॅट? (खिडकी पश्चिमेची आहे)

मावळतीकर
नमस्कार मंडळी. सहा वर्षं इमानेइतबारे चाललेला २४ इंची मॉनिटर आता निवृत्त करतोय. नवा २७ इंची, १४४०पी, १८० हर्ट्झच्या आसपासचा घ्यायचा, एवढं नक्की. गाडी अडलीय ती ग्लॉसी (आरशासारखा गुळगुळीत पडदा) की मॅट (चमक नसलेला) यावर. मित्राकडे ग्लॉसी ओलेड (ज्यात प्रत्येक पिक्सेल स्वतः उजळतो, काळ्यासाठी पूर्ण विझतो) पाहिला आणि डोळे निवले. घरी येऊन माझा मॅट सुरू केला, तर त्यावर कुणीतरी बटर पेपर लावलाय असं वाटायला लागलं.

पुण्यात तिसऱ्या मजल्यावर राहतो. खिडकी मोठी, पश्चिमेला, आणि मी तिच्याकडे पाठ करून बसतो. शनिवार-रविवार दुपारी खेळतो, एरवी रात्री दहानंतर. व्हॅलोरंट (नेमबाजीचा गेम) जास्त, शिवाय अंधाऱ्या गुहा-बोळांचे कथाप्रधान गेम. दिवसा त्याच स्क्रीनवर ऑफिसचं एक्सेल. बजेट ३० हजार, फारच पटलं तर ६० पर्यंत ताणीन.

कडक_चहा
मॅट. विषय संपला.

सावजी_रस्सा
ग्लॉसी. एकदा वापरलात की मॅटकडे बघवणार नाही.

मावळतीकर
वा! दोन प्रतिसाद, दोन तट. कारणंही द्या की राव.

काचबिंदू
कारणं मी देतो. तीन मॉनिटर बदलून झालेत, दोन मॅट आणि एक ग्लॉसी, त्यामुळे फी भरून शिकलोय.

मॅटमुळे उजेड नाहीसा होतो हा गैरसमज आधी काढून टाका. त्याचा वरचा थर सूक्ष्म खडबडीत असतो. पडलेला उजेड तो विस्कटून टाकतो, इतकंच. ग्लॉसीवर खिडकी खिडकीसारखीच दिसते, गजांसकट. मॅटवर तिचा दुधाळ डाग होतो आणि तो मूळ खिडकीपेक्षा मोठा पसरतो. ट्यूबलाइट, पंखा, मागची भिंत अशा किरकोळ गोष्टी मॅट छान विरवून टाकतो. पाठीमागे उघडी खिडकी असली की मात्र दोघेही हरतात.

हिशेबच करू. साध्या काचेच्या एका पृष्ठभागावरून साधारण ४ टक्के उजेड परत फिरतो. ढगाळ आकाश २००० निट्सच्या (निट्स म्हणजे उजळपणाचं माप) घरात असतं, म्हणजे स्क्रीनवर उमटणारी खिडकी झाली ८० निट्स. तुमच्या गेममधल्या अंधाऱ्या बोळाचा पिक्सेल असतो दोन-तीन निट्सचा. तो ८० खाली दिसणार कसा? चांगल्या ग्लॉसी मॉनिटरवर प्रतिबिंबरोधक लेप असतो, त्याने हे ४ टक्के बरेच कमी होतात. पण पुण्यातली मे महिन्यातली दुपार लेपाला भीक घालत नाही.

आता बटर पेपरबद्दल. तो भास नाही. जाड मॅट थरातून पांढरं पान पाहिलं की रवा सांडल्यासारखे चमचमते दाणे दिसतात. मी पहिला मॅट आणला तेव्हा पॅनेलच खराब आलंय समजून दुकानात भांडायला निघालो होतो. स्पेसिफिकेशनमध्ये ‘हेझ २५ टक्के’ (हेझ म्हणजे थर उजेड किती विस्कटतो ते) असं लिहिलेलं सापडलं तर तो नेहमीचा मॅट. आकडा जितका कमी, तितका थर सौम्य आणि चित्र स्वच्छ. बरेच विक्रेते हे छापत नाहीत, कंपनीच्या साइटवर पाहावं लागतं.

आणि खरेदीआधी एक प्रयोग करा, फुकटातला. ज्या वेळी खेळता त्याच वेळी खुर्चीत बसा, आणि बंद केलेला फोन मॉनिटरच्या जागी धरून हळूहळू इकडून तिकडे सरकवा. त्या काळ्या काचेत जे दिसेल, तेच ग्लॉसीवर दिसणार.

कडक_चहा
अनुमोदन. मी लिहिलेलं तेच होतं, फक्त संक्षिप्त.

नाशिकची_द्राक्षं
थोडी भर घालतो. ओलेडमध्ये ‘ग्लॉसी’ एक जात नाही. डेलचा एलियनवेअर ३४ इंची २०२२ मध्ये आला, तो क्यूडी-ओलेड, म्हणजे ओलेडचाच एक प्रकार. रंग अफाट, पण बाहेरचा उजेड गिळणारा पोलरायझर (उजेड गाळणारा पातळ थर) त्या पॅनेलमध्ये नाही, म्हणून उजेडात काळा रंग करडा-जांभळट होतो. एलजीचा २७जीआर९५क्यूई (२०२३) ओलेड असूनही मॅट. असुसने २०२४ मध्ये एक्सजी२७एक्यूडीएमजी आणला, तो एलजीच्या जातीचं, पोलरायझर असलेलं पॅनेल आणि वर ग्लॉसी. दिवसा काळा काळाच राहायला हवा असेल आणि ओलेडच घ्यायचा असेल, तर ही शेवटची जात बघा. मात्र दिवसभर एक्सेल म्हणजे त्याच जागी त्याच रेघा. ओलेडवर त्यांचे वळ उठायची भीती असते, हे धरून चाला.

सावजी_रस्सा
तीस हजारांतही ग्लॉसीच घ्या म्हणणार होतो, पण प्रामाणिकपणे सांगतो: त्या बजेटमध्ये आयपीएस (मागून दिवा लागणारा नेहमीचा एलसीडी) ग्लॉसी दाखवा आणि हजार रुपये मिळवा. बाजारात जे आहे ते जवळपास सगळं मॅटच. म्हणजे तुमची निवड खरं तर ‘मॅट आयपीएस की ग्लॉसी ओलेड’ अशी आहे. मित्राकडे तुमचे डोळे निवले त्यात ग्लॉसीचा वाटा किती आणि ओलेडच्या काळ्या रंगाचा किती? माझ्या मते निम्म्याहून जास्त ओलेडचा.

बारावी_सायन्स
दादा लोक, यूट्यूबवर मॅटवर ओले टिश्यू ठेवून वरचा थर सोलून काढतात आणि मॉनिटर ग्लॉसी होतो. मी करू का?

काचबिंदू
बाळा, नको. कित्येक पॅनेलमध्ये तो खडबडीतपणा पोलरायझरच्याच वरच्या अंगावर असतो. थराबरोबर पोलरायझर निघाला की समोर नुसता पांढरा उजेड, चित्र गायब. वॉरंटी तर टिश्यू भिजवतानाच संपली. बाबांनी पैसे दिले असतील तर आधी त्यांना विचार.

नाशिकची_द्राक्षं
अवांतर: ग्लॉसी घेतलात तर पुसायला ओला वर्तमानपत्राचा कागद आणि निळं काच-क्लीनर, ही घरातली पद्धत बंद. मायक्रोफायबर आणि थोडं डिस्टिल्ड वॉटर, तेही कापडावर घ्यायचं, स्क्रीनवर फवारायचं नाही. माझ्या ग्लॉसीवर भाचीच्या गुलाबजामच्या बोटांचे ठसे तीन दिवस होते. मॅटवर कदाचित दिसलेही नसते.

मावळतीकर
काचबिंदू, काल दुपारी चारला फोनचा प्रयोग केला. खिडकी दिसणार हे गृहीतच होतं, संपूर्ण दिसली, समोरच्या सोसायटीच्या पाण्याच्या टाकीसकट. पडदा ओढला, ती गेली. मग खोलीच्या दारातून पलीकडच्या देवघरातला विजेचा लाल दिवा दिसायला लागला, बरोबर फोनच्या मधोमध, जिथे गेममध्ये माझा क्रॉसहेअर (नेमाची खूण) असतो. तो चोवीस तास चालू असतो. आईला विचारलं, रात्रीपुरता बंद करू का? उत्तर इथे लिहिण्यासारखं नाही.

रात्री टेबल नव्वद अंशांत फिरवून पाहिलं, खिडकी डाव्या हाताला. पुन्हा फोन धरला तर मागे फक्त कपाटाचं दार, मरून रंगाचं सनमायका. दिवा गेला, खिडकी गेली. म्हणजे आता दोन्ही चालतील, पण एक्सेलचं ऐकून वळांचा धोका नको वाटतोय. ३० हजारांत मॅट आयपीएस घेतो, हेझ कमी असलेला शोधून. तुमच्या माहितीतली मॉडेल्स टाका. आणि टेबल फिरवल्यामुळे प्लग पॉइंट आता पाच फूट लांब गेलाय, तेव्हा एक बरा एक्स्टेंशन बोर्डही सुचवा.

कडक_चहा
बोर्ड सर्ज प्रोटेक्टरवाला घे. मॉडेल्स संध्याकाळी टाकतो.