मदत हवी आहे: लांब नाकाचा प्लायर (११ इंची) घरच्या गाडीकामासाठी घ्यावा का?

अजिंक्यतारा_पायथा (सातारा)

नमस्कार मंडळी. घरी पेट्रोल वॅगन आर (के सिरीज इंजिन) आणि जुनी कार्ब्युरेटरवाली स्प्लेंडर आहे. ऑइल, फिल्टर, प्लग, ब्रेक शू एवढी कामं घरीच होतात. आता गाडीच्या हीटरचे दोन्ही रबरी पाइप बदलायचे आहेत. फायरवॉलकडच्या (इंजिन आणि केबिन यांच्यामधल्या पत्र्याकडच्या) टोकाला कंपनीच्या स्प्रिंग क्लिपा आहेत, दोन कान दाबले की सैल होणाऱ्या. तिथे नुसता हात जातो, पण पक्कड धरलेला हात जात नाही.

ऑनलाइन ११ इंची लांब नाकाच्या प्लायरचा चार नगांचा सेट दिसतो: सरळ, ४५ अंश, ९० अंश आणि गोल तोंडाचा पाइप धरायचा. बजेट दोन हजारांपर्यंत. सध्या हत्यारं अशी: ६ इंची नोज प्लायर, ८ इंची साधी पक्कड, ८ ते १९ रिंग पाने, अर्धा इंची सॉकेट सेट.

सेट घ्यावा की एकच नग? एकच घ्यायचा तर कुठला? या एका कामानंतर तो खरंच वापरात राहतो का, की पेटीत पडून राहतो? स्प्लेंडरच्या स्प्लिट पिना (नट सुटू नये म्हणून भोकातून घालून टोकं वाकवलेल्या) काढायलाही चालेल का?

---

पाना_नंबर_दहा (सांगली)

सेट घेऊ नका. ४५ अंशाचा एकच घ्या, साधारण २८० मिमीचा. सरळ तोंडाचा नग जिथे पोचतो तिथे ४५ अंशाचाही बहुतेक वेळा पोचतो, शिवाय तुमचा हात नजरेच्या आड येत नाही. ९० अंशाचा क्वचित लागतो, आणि जोर लावला की त्याचं टोक सगळ्यात आधी फिरतं.

घेण्याआधी एक गोष्ट पक्की समजून घ्या. प्लायरची ताकद एकूण लांबीवर नसते, सांधा कुठे आहे त्यावर असते. मुठीपासून सांध्यापर्यंत १०० मिमी आणि सांध्यापासून टोकापर्यंत ५० मिमी असेल, तर मुठीत लावलेल्या २० किलोचे टोकाला ४० होतात. दोन्ही बाजू १३० मिमी असतील तर २० चे २०च राहतात. म्हणून सांधा टोकाच्या जवळ असलेला नग बघा, नाकाची लांबी ७० ते ८० मिमी पुरे. नाक त्याहून लांब असेल तर तो उचलायला-धरायला ठीक, स्प्रिंग क्लिप दाबायला नाही. क्लिपचे दोन्ही कान जवळ यायच्या आत नाकच तिरकं होतं.

मात्र सांधा टोकाजवळ असला की मागचे दांडे लांब होतात, आणि तोंड उघडायला तेवढेच फाकावे लागतात. अरुंद जागेत दांडे दोन्हीकडे अडले की तोंड उघडतच नाही. यावर उपाय दोन सांध्यांचा प्लायर. त्यात मधला भाग जवळजवळ सरळ राहतो आणि फक्त तोंड उघडतं. महाग पडतो, पण तुमच्या जागेचं वर्णन वाचून तोच बरा वाटतो.

स्प्लिट पिनेला लांब नाक नको. त्यासाठी ६ इंची साइड कटर घ्या. पिनेची टोकं नोज प्लायरने सरळ करायची, डोकं साइड कटरच्या तोंडात हलकं धरायचं आणि कटर नटावर टेकवून कलवायचा. पीन सरकत बाहेर येते. नवी पीन भोकाच्या मापाचीच घ्या आणि जुनी परत वापरू नका. एकदा वाकवून सरळ केलेली पीन दुसऱ्यांदा वाकवली की तुटते.

---

मिरज_जंक्शन

दहा नंबर दादांशी सहमत, पण मला वाटतं मूळ प्रश्न प्लायरचा नाही, क्लिपचा आहे. फायरवॉलवरच्या क्लिपांसाठी केबलवाला क्लिप प्लायर मिळतो. एका टोकाला क्लिपचे कान धरणारं छोटं डोकं, मधे सायकलच्या ब्रेकसारखी केबल, दुसऱ्या टोकाला मूठ. मूठ दाबली की क्लिप उघडते आणि खटक्यावर तशीच अडकून राहते, त्यामुळे दोन्ही हात पाइप काढायला मोकळे. साधारण १८ ते ५४ मिमीच्या क्लिपांना चालतो, म्हणजे हीटरच्या पाइपाला आणि रेडिएटरच्या पाइपालाही.

त्याच्या दोन अडचणी आहेत. डोकं जाड असतं. दोन पाइपांत अंगठा जाईल एवढी फट नसेल तर बसत नाही. दुसरं, केबल कोनात मोडली की जोर वाटेतच जातो आणि आतली तार उसवू लागते. केबलला मोठा वळसा द्या.

आधी जागेवर बोट घालून फट मोजा. फट असेल तर केबलवाला, नसेल तर दोन सांध्यांचा ४५ अंशाचा. दोन्ही एकदम घ्यायची गरज नाही.

---

कोयनाकाठ

हत्यार कुठलंही घ्या, पण हीटरचा पाइप काढताना पुढचं नीट वाचून घ्या. या कामात क्लिपपेक्षा जास्त नुकसान पाइप ओढताना होतं.

फायरवॉलमधून बाहेर आलेली दोन टोकं हीटरच्या आतल्या छोट्या रेडिएटरची असतात. नळी पातळ असते. रबर वर्षानुवर्षं तापून तिला चिकटलेलं असतं. लांब प्लायरने पाइप धरून हिसका दिला किंवा जोरात पिळला, की नळी तिच्या जोडावर हलते आणि कुलंट (इंजिन थंड ठेवणारं द्रव) गाडीच्या आत, पायाकडे गळायला लागतं. मग अख्खा डॅशबोर्ड उतरवावा लागतो. पाचशे रुपयांच्या पाइपासाठी केवढं मोठं काम!

पाइप तुम्ही टाकूनच देणार आहात ना? मग सोडवत बसू नका, कापा. नळीच्या टोकापाशी रबरावर लांबीत साधारण २५ मिमीची चीर द्या. ब्लेड धातूपर्यंत नेऊ नका. रबराची तीन चतुर्थांश जाडी कापली की पुरे. मग चिरेत बोथट हुक किंवा छोटा स्क्रू ड्रायव्हर घालून उकला, सालीसारखं निघून येतं. ब्लेडचा लांबीतला ओरखडा नळीवर उठला तर नव्या पाइपाखालून तिथूनच कुलंट झिरपणार, आणि क्लिप कितीही घट्ट असली तरी थांबणार नाही.

काम इंजिन पूर्ण थंड झाल्यावरच. रेडिएटरचं झाकण गरम असताना उघडायचं नाही. बॅटरीची निगेटिव्ह तार आधी काढा. काही गाड्यांत चावी बंद असतानाही पंखा सुरू होतो. आणि डोळ्यांवर गॉगल हवाच. स्प्रिंग क्लिप प्लायरच्या टोकातून निसटली तर सरळ तोंडाकडे येते.

सांडलेलं कुलंट लगेच पाणी टाकून पुसा. एथिलीन ग्लायकॉल चवीला गोड असतं आणि विषारी असतं. अंगणात कुत्री-मांजरं असतील तर भांडं उघडं ठेवू नका.

---

अजिंक्यतारा_पायथा (सातारा)

मनापासून आभार. पाइप कापण्याचं डोक्यातच नव्हतं, ओढून काढायचाच विचार होता. आता बोट घालून पाहिलं. खालच्या पाइपाशेजारी अंगठा जातो. वरच्या पाइपाचे क्लिपचे कान नेमके फायरवॉलकडे वळलेले आहेत, तिथे काहीच जात नाही. क्लिप फिरवता येईल का? आणि त्यापेक्षा नवीन बसवताना स्क्रूवाली जुबली क्लिप लावली तर पुढच्या वेळी सोपं जाईल ना?

---

मिरज_जंक्शन

फिरवता येते. ४५ अंशाच्या टोकाने क्लिपचा एक कान धरा आणि पाइपाभोवती ढकला. कान दाबायचे नाहीत, फक्त सरकवायचे. क्लिप आणि रबर यांच्यामध्ये आधी साबणाच्या पाण्याचे दोन-चार थेंब सोडा. तेल किंवा ग्रीस अजिबात नको, कुलंटच्या पाइपाचं रबर पेट्रोलियम तेलाने फुगतं. पाव फेरा फिरली तरी कान वर येतील.

जुबली क्लिप मात्र लावू नका. रबर तापून-थंड होऊन हळूहळू बसतं. स्प्रिंग क्लिप त्याच्या मागोमाग आवळत राहते, स्क्रूवाली तिथेच राहते. थंडीच्या सकाळी गळायला लागलं की परत आवळावी लागते, आणि आवळता आवळता तिचे दाते रबरात रुततात. जुनी स्प्रिंग क्लिप ढिली किंवा गंजलेली असेल तर त्याच मापाची नवी स्प्रिंग क्लिपच घ्या.

---

पाना_नंबर_दहा (सांगली)

बसवतानाचा क्रम: आधी दोन्ही क्लिपा नव्या पाइपावर चढवा. हे हमखास विसरतं आणि पाइप बसल्यावर परत काढावा लागतो. नळीचं टोक बारीक कापडाने पुसून घ्या, पाइपाच्या आतून साबणाचं पाणी लावा, पाइप नळीच्या टोकाजवळच्या फुगवट्याच्या पलीकडे पूर्ण जाऊ द्या. क्लिप फुगवट्याच्या मागे, पाइपाच्या टोकापासून ५ मिमी आत. कान वर, तुमच्याकडे. पुढच्या वेळी साधा ८ इंची नोज प्लायरही पुरेल.

कुठला पाइप कुठल्या नळीवर होता त्याचा फोटो काढून ठेवा. भरताना कुलंट आणि डिस्टिल्ड वॉटर निम्मे-निम्मे, नाहीतर तयार मिसळलेलं. थंड इंजिनवर झाकण उघडं ठेवून सुरू करा, हीटरचा नॉब पूर्ण गरमवर. बुडबुडे थांबून पातळी स्थिर होईपर्यंत थोडं थोडं भरत राहा, मग झाकण लावा. हीटरमधून गार हवाच येत राहिली तर आत हवा अडकली आहे असं समजा.

---

वाळव्याचा_फिटर

बाकीच्या वापराबद्दल कोणी फार लिहिलं नाही म्हणून लिहितो. लांब नाकाचा प्लायर पेटीत पडून राहतो की नाही, हे तो कशासाठी वापरायचा नाही यावर ठरतं.

चांगला चालतो: इंजिनच्या मागच्या बाजूचे व्हॅक्यूमचे बारीक पाइप, फ्यूज आणि रिले, प्लास्टिकच्या क्लिपा, खाली अडकलेला वॉशर, कार्ब्युरेटरच्या पेट्रोल पाइपाची तारेची क्लिप. ब्रेक शूच्या स्प्रिंगला वापरू नका. ती जड असते, टोक निसटलं की बोट फुटतं. तिथे स्प्रिंगचा हुक किंवा दणकट साधी पक्कडच हवी.

नट फिरवायला कधीच नाही. कडा गोल होतात आणि प्लायरचं टोक एकदा पिळलं की परत जुळत नाही. कारच्या प्लगच्या खोल भोकातून प्लग उचलायलाही नाही. चिनीमातीला नजरेला न दिसणारा तडा गेला की मिसफायर सुरू होतं आणि दोष कॉइलवर जातो. प्लगवर रबरी नळीचा तुकडा चढवा, उचलायलाही तोच आणि पहिले आटे हाताने धरवायलाही तोच. आटा वाकडा लागला तर रबर घसरतं, हेडचा आटा वाचतो.

वायरिंगचा कनेक्टरही प्लायरने ओढू नका. टोकाने फक्त लॉकची जीभ दाबा, ओढायचं हाताने, तेही कनेक्टर धरून, वायर धरून नाही. आणि मुठीवरचं रबर बघून घरच्या विजेच्या कामाला घेऊ नका. १००० व्होल्टची खूण नसेल तर ते फक्त पकडीसाठी असतं.

बीएस ६ म्हणजे एप्रिल २०२० नंतरची इंजेक्शनवाली बाइक कोणाकडे असेल तर तिच्या पेट्रोल लाइनला प्लायर लावू नका. लाइनमध्ये दाब असतो आणि जोड प्लास्टिकच्या लॉकचा असतो. पिळला की मोडतो आणि पेट्रोल गरम इंजिनवर उडतं. तुमच्या कार्ब्युरेटरवाल्या स्प्लेंडरला ती भीती नाही. कॉक बंद करा, क्लिपचे कान दाबून मागे सारा, पाइप आधी थोडा फिरवा, मग ओढा.

पडलेल्या बोल्टसाठी प्लायरच्या आधी लांब होणारी मॅग्नेटची काडी घ्या, फार स्वस्त असते. पितळ, ॲल्युमिनियम आणि बरंचसं स्टेनलेस तिला चिकटत नाही, तिथे लांब नाक कामाला येतं.

---

कोयनाकाठ

घेताना हातात धरून बघता आलं तर उत्तम. तोंड मिटून उजेडाकडे धरा. टोकं आधी टेकली पाहिजेत, मागे बारीक फट चालते; जोर दिला की ती मिटली पाहिजे. टोकात साधा कागद धरून ओढा. कागद सुटला तर टोकं जुळलेली नाहीत. मग एक जबडा धरून दुसरा आडवा हलवा, सांध्यात खेळ जाणवला तर परत ठेवा. क्रोम व्हॅनेडियम लिहिलेलं असलं तरी या तीन गोष्टी बघाच.

साताऱ्यात साधा ६-८ इंची कुठल्याही हार्डवेअरमध्ये मिळतो, लांब नग बहुतेक ठिकाणी मागवावा लागतो. एमआयडीसीला टूल्स पुरवणाऱ्या दुकानात आधी फोन करून विचारा. ऑनलाइन मागवला तर परत करायची मुदत संपायच्या आत कागदाची परीक्षा घ्या.

आपल्याकडचा पावसाळा सांध्याला वाईट. जूनआधी सांध्यात मशीन ऑइलचा एक थेंब, बाकी अंग तेलाच्या फडक्याने पुसून पेटीत. जाम झालाच तर रात्रभर डिझेलमध्ये ठेवा, उघड-मीट करून मळ बाहेर काढा, पुसा, मग तेल. लांब दांड्यांचा प्लायर जाम असताना दांड्यांवर जोर देऊन उघडू नका, दांडे वाकतात.

---

अजिंक्यतारा_पायथा (सातारा)

ठरलं. दोन सांध्यांचा ४५ अंशाचा एक नग, ६ इंची साइड कटर आणि मॅग्नेटची काडी. केबलवाला सध्या नको, कारण वरच्या पाइपाला त्याचं डोकं बसणार नाही आणि खालच्याला ४५ अंशाचा पोचेल. पाइपांबरोबर त्याच मापाच्या चार नव्या स्प्रिंग क्लिपा मागवतो. एकच शंका राहिली: चीर द्यायला कागद कापायचा साधा कटर चालेल का?

---

कोयनाकाठ

चालेल, पण पातं दोनच खाचा बाहेर ठेवा. जास्त बाहेर काढलं तर अरुंद जागेत आडवा जोर आला की मोडतं आणि तुकडा खाली पडतो. नवं पातं लावा, बोथट पात्याला जोर द्यावा लागतो आणि मग ते धातूपर्यंत जातं. हातमोजा घाला.