लिलावात बोहाड्याचा जुना मुखवटा घ्यावा का? (बजेट सगळं मिळून २५ हजार)

वैतरणा_काठ, शनिवार सकाळी ९:१२
नमस्कार मंडळी. लिलावात पहिल्यांदाच बोली लावायचा विचार आहे. मुंबईतल्या एका लिलावगृहाचा लोककला आणि आदिवासी कलेचा ऑनलाइन लिलाव पुढच्या गुरुवारी आहे. मी तीन लॉट (विक्रीच्या वस्तू) बाजूला काढलेत.
पहिला, बोहाड्याचा (पालघरकडच्या आदिवासींचा, रात्रभर देव-राक्षसांची सोंगं नाचवायचा उत्सव) लाकडी मुखवटा, 'राक्षस, विसाव्या शतकाचा मध्य', अंदाजे किंमत १५ ते २० हजार. डावा कान तुटलाय, कीड लागल्याच्या खुणा आहेत असं त्यांनीच लिहिलंय. दुसरा, बस्तरचा ढोकरा (मेणाच्या साच्यातून ओतलेला पितळी) घोडेस्वार, १८ ते २५ हजार. तिसरं कापडावरचं वारली चित्र, 'एकोणिसावं शतक', १० ते १५ हजार.
वडील मोखाडा तालुक्यात शिक्षक होते. मी सात वर्षांची होईपर्यंत आम्ही तिथंच राहिलो. बजेट २५ हजार, त्यात सगळं आलं. काय घ्यावं? सरकारदरबारी नोंदणी लागते का? आणि खरं-खोटं कसं ओळखायचं?

ठोकबोली, ९:४०
२५ हजारात संग्रह होत नाही. लाख-दीड लाख जमवा आणि एकच चांगलं गोंड आदिवासी शैलीतलं चित्र घ्या. मी २०१४ मध्ये मध्य प्रदेशातल्या पाटणगढच्या एका चित्रकाराचं मोठं कागदावरचं काम घेतलं, आज त्याला चौपट भाव सांगतात. नावाजलेले गोंड चित्रकार जनगढसिंह श्याम पाटणगढचेच. १९८०च्या दशकाच्या सुरुवातीला भोपाळच्या भारत भवन या कलाकेंद्रामुळे त्यांची चित्रं भिंतीवरून कागदावर आली. गोंड चित्र टिकतं, भिंतीवर शोभतं आणि विकायला गेलं तर गिऱ्हाईक मिळतं. किडका मुखवटा कोण घेणार उद्या?

चिंचोका, १०:०५
तिसरा लॉट लगेच यादीतून काढा. कापडावरचं वारली चित्र एकोणिसाव्या शतकातलं असूच शकत नाही. वारली बायका लग्नाचा चौक झोपडीच्या गेरू सारवलेल्या भिंतीवर तांदळाच्या पिठानं काढायच्या, मधोमध पालघट देवी. भिंत पडली की चित्र गेलं. कागद-कापडावर ही चित्रं आली ती १९७०च्या दशकात, चित्रकार भास्कर कुलकर्णी डहाणू भागात गेले त्यानंतर. गंजाडचे जिव्या सोमा मशे त्यातूनच जगाला माहीत झाले, २०११ मध्ये पद्मश्री मिळाली. म्हणजे उत्तमातलं उत्तम जुनं कापड पन्नासेक वर्षांचं. कॅटलॉग लिहिणाऱ्याला एवढंही ठाऊक नसेल तर बाकीच्या दोन लॉटच्या तारखांवर तरी कसा विश्वास ठेवायचा?

अनुस्वार, १०:३१
'बोहाडा' नव्हे, 'भोवाडा'. आमच्या सुरगाण्याकडे भोवाडाच म्हणतात.

रानवाट, १०:४४
जव्हार-मोखाड्यात बोहाडाच म्हणतात, त्र्यंबक-इगतपुरीकडे आखाडी. तिन्ही बरोबर.

अनुस्वार, १०:५२
तिन्ही बोलले जातात, मान्य. पण मूळ शब्द कुठला हे एकदा ठरायला हवं. वेगळा धागा काढतो.

शेल्डकाठचा, दुपारी १:१५
मी अँटवर्पला असतो. इकडे ब्रसेल्सच्या साब्लों भागात आणि पॅरिसच्या द्रुओ लिलावगृहात आफ्रिकन आणि ओशनियन वस्तूंचे लिलाव वर्षभर चालू असतात. पंधरा वर्षांत एक गोष्ट शिकलो: वस्तू नंतर, आधी तिचा प्रवास. कुणी, कधी, कुठून आणली, मधल्या काळात कुणाकडे होती, जुना फोटो आहे का. हा कागद असला की तोच मुखवटा दहापट किमतीला जातो, नसला की शोभेची वस्तू. मी सुरुवातीला आफ्रिकेतल्या माली देशाचा एक मुखवटा साडेनऊशे युरोला घेतला. तो पर्यटकांसाठी करून, मातीत पुरून जुना केलेला निघाला. आतून कुणाच्या कपाळाला कधी लागलेलाच नव्हता. हजार युरोच्या खालचं मी आता बघतच नाही. तुम्हीही थांबा, पैसे साठवा.

कलमवाली, २:२०
कायद्याचं सांगते, वकिली करते. १९७२च्या पुरावशेष कायद्याप्रमाणे शंभर वर्षं किंवा त्याहून जुनी कलावस्तू पुरावशेष धरतात, हस्तलिखिताला पंचाहत्तर वर्षं. त्यातल्या ठरावीक प्रकारांची भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाच्या नोंदणी अधिकाऱ्याकडे नोंद करावी लागते: दगड, धातू, भाजकी माती, हस्तिदंत यांतली शिल्पं, कोरीव लाकूड, चित्रं, सचित्र हस्तलिखितं. देशाबाहेर नेता येत नाहीत. तुमचा मुखवटा शतकाच्या मध्याचा असेल तर हा प्रश्न येत नाही. तरी लिलावगृहाकडून वय आणि 'पुरावशेष नाही' असं लेखी घ्या.
दुसरा कायदा लोक विसरतात, वन्यजीव संरक्षणाचा, तोही १९७२चाच. बस्तरच्या दंडामी माडिया आदिवासींचा गव्याच्या शिंगांचा शिरोभूषण-मुकुट, नागालँडच्या नागा लोकांचे धनेश पक्ष्याच्या चोचीचे आणि वाघाच्या दातांचे दागिने, अस्वलाचे केस लावलेलं काहीही घेऊ नका. कितीही जुनं असो. एका अशिलाचे त्यापायी हाल झालेत.

सासरमाहेर, ३:०२
ढोकरा घोडेस्वार डोळे मिटून घ्या! माझ्याकडे कोंडागावचा हत्ती आहे. होता म्हणते, कारण दिवाळीच्या साफसफाईत सासूबाईंनी तो चिंच आणि भांड्यांच्या पावडरीनं घासला. पन्नास-साठ वर्षांचा तपकिरी झाक चढलेला रंग दहा मिनिटांत गेला आणि पिवळाधमक हत्ती माझ्या हातात आला. अजून बघवत नाही मला. घरात सगळ्यांना आधी सांगून ठेवा.

चिंचोका, ३:३०
डोळे मिटून अजिबात घेऊ नका. बस्तरचे घडवा कारागीर मातीच्या गाभ्यावर मेणाचे दोरे गुंडाळतात, वर मातीचा साचा चढवतात, मेण वितळून जातं आणि त्या जागी पितळ उतरतं. मूर्ती काढताना साचा फुटतो. म्हणून हुबेहूब सारख्या दोन मूर्ती निघत नाहीत. त्याच लिलावगृहाच्या जुन्या कॅटलॉगांत तसाच घोडेस्वार दिसतो का बघा. मिलिमीटरपर्यंत जुळला तर रबरी साच्यातला. खरा जुना असेल तर घोड्याचे कान, नाक, स्वाराचे गुडघे हात लागून गुळगुळीत झालेले असतात आणि खाचेत मेणाच्या दोऱ्याची रेघ ठसठशीत राहते. सगळीकडे सारखाच काळा रंग असेल तर तो आम्लानं आणलेला.

रानवाट, ४:११
+१. मुखवटा नको. कीड घरातल्या फर्निचरला लागेल.

मध्यमवर्गीय_माणूस, ४:४०
वरच्यांशी सहमत, मुखवटा नको. आणि २५ हजारांचं गणित आधी मांडा. मी एका लिलावात देवाचे जुने चांदीचे टाक घेतले, खंडोबा-म्हाळसा. हातोडा पडला १२ हजारांना. वर २० टक्के खरेदीदाराचं प्रीमियम (लिलावगृहाचं कमिशन), त्यावर जीएसटी, मग पॅकिंग, विमा, कुरियर. घरी येईपर्यंत साडेसोळा. हे सगळं बारीक अक्षरात असतं. २५ खर्चायचे असतील तर बोली १८च्या पुढे नेऊ नका.

ठोकबोली, ५:०५
म्हणूनच म्हणतोय, बजेट वाढवा.

तारपकरी, रात्री ९:२६
मी मोखाड्याचाच. हे सगळं वाचून राहवलं नाही म्हणून लिहितो.
आमच्याकडं बोहाड्यातलं सोंग नाचवायचा मान घराण्याकडं असतो. गणपतीचं सोंग पहिलं येतं, मग सरस्वती, मग रात्रभर एकेक. संबळ-पिपाणी, टेंभ्यांचा उजेड. मुखवटा वर्षभर घरात वर बांधून ठेवायचा, बोहाड्याआधी उतरवून रंगवायचा, नारळ फोडायचा. राक्षसाच्या मुखवट्यालाही पाया पडायचं. तो कुणी विकलाय याचा अर्थ घरात अडचण होती किंवा पोरं शहरात गेली. व्यापाऱ्यानं पाचशे-हजार टेकवले असणार. तिकडं वीस हजार.
ताई, तुम्हाला मुखवटाच हवा असेल तर रामखिंडला या. कारागीर आहेत, लाकडाचा करतात, कागदाच्या लगद्याचाही करतात. समोर बसून करून घ्या, पैसे करणाऱ्याच्या हातात जातील.

शेल्डकाठचा, ९:५८
तारपकरी, मुद्दा पटला. ऑक्टोबर २०२४ मध्ये ऑक्सफर्डशायरच्या एका लिलावात नागा माणसाची शिंगं लावलेली कवटी विक्रीला होती. नागालँडमधून आवाज उठला, मुख्यमंत्र्यांनी परराष्ट्रमंत्र्यांना पत्र लिहिलं, तेव्हा लॉट मागे घेतला. आणि पॅरिसला २०१३ मध्ये अमेरिकेतल्या होपी आदिवासींच्या पवित्र मुखवट्यांचे लिलाव झाले. होपी कोर्टात गेले, कोर्टानं थांबवलं नाही. डिसेंबरच्या लिलावात एका अमेरिकन संस्थेनं गुपचूप बोली लावून २४ वस्तू घेतल्या, परत देण्यासाठी. मी तेव्हापासून पूजेतली वस्तू घेत नाही.

ठोकबोली, १०:१०
मग संग्रहालयं पण बंद करायची का? दिनकर केळकरांनी गावोगावचे दिवे, अडकित्ते, दरवाजे जमवले म्हणून पुण्यात आज ते बघायला मिळतात. नाहीतर मोडीत गेले असते.

तारपकरी, १०:२२
अडकित्त्याच्या कुणी पाया पडत नाही दादा.

कलमवाली, १०:४०
करणाऱ्याच्या हातात पैसे जाण्यावरून आठवलं. कॉपीराइट कायद्यात ५३अ कलम आहे. चित्र किंवा शिल्प दहा हजारांच्या वर पुन्हा विकलं गेलं तर मूळ कलाकाराला किंवा वारसांना वाटा मागता येतो, दहा टक्क्यांपर्यंत. पाटणगढच्या किंवा गंजाडच्या किती घरांना हे कुणी सांगितलंय? गोंड चित्र चौपट झालं म्हणणाऱ्यांनी विकताना जरूर लक्षात ठेवावं.

मुंगसाची_वाट, रविवार सकाळी ७:५०
मुखवटा घेणार असाल तर हे बघा, बाकी सोडा. एक, रंग जिथं उडालाय तिथला जवळून फोटो मागवा. दरवर्षी रंगवलेल्या मुखवट्यात थरावर थर दिसतात: वर ऑइलपेंट, खाली निळा, त्याखाली गेरू. एकच थर आणि वर धुराची काजळी असेल तर अलीकडचा. दोन, मागची बाजू. कपाळ आणि गाल टेकतात तिथं लाकूड घामानं काळं, तेलकट होतं. तीन, दोरीची भोकं. खरंच नाचवलेला असेल तर भोकाची कड एका बाजूनं घासून लांबट होते. लिलावगृहं एवढे फोटो मागितले की देतात, बिनधास्त मागा.
किडीसाठी: भोकातून ताजा, पिठासारखा भुसा पडत असेल तर कीड जिवंत. पॉलिथिनमध्ये हवाबंद गुंडाळून उणे १८-२० अंशांच्या डीप फ्रीझरमध्ये दोन आठवडे. बाहेर काढल्यावर दिवसभर पिशवी उघडायची नाही, नाहीतर पाणी सुटतं.

रानवाट, ८:३०
एवढा खटाटोप कशाला, रॉकेलचा बोळा फिरवा. आमच्या माळ्यावरच्या वाशांना तेच करतो.

मुंगसाची_वाट, ८:३४
कृपा करून नको. रॉकेलनं रंग सुटतो. वाशाला रंगाचे थर नसतात.

सासरमाहेर, ९:००
ढोकराच घ्या हो ताई. आणि घासू देऊ नका कुणाला.

वैतरणा_काठ, पुढचा शनिवार, सायंकाळी ६:१८
सगळ्यांचे मनापासून आभार. वारली चित्राबद्दल लिलावगृहाला कळवलं, त्यांनी तारीख बदलून 'विसाव्या शतकाचा उत्तरार्ध' केली. ढोकरा घोडेस्वार सोडला, जुन्या कॅटलॉगमध्ये जुळा भाऊ सापडला.
मुखवटा घेतला. २१ हजारांना हातोडा पडला, सगळं मिळून २९ हजारांच्या जवळ गेलं. बजेट मोडलं, तुम्ही सगळ्यांनी नको म्हटलं होतं, हे मला मान्य आहे. तारपकरी दादा, तुमचं वाचून दोन रात्री झोप लागली नाही. पण मी नाही घेतला तर दुसरं कुणीतरी घेणार होतं, आणि मागच्या बाजूचा फोटो आल्यावर माझ्यानं थांबवेना.
कपाळाच्या जागी लाकडावर कापडाची घडी खिळ्यांनी ठोकलीय. लुगड्याचा काठ आहे, हिरवा, मध्ये बारीक लाल रेघ. घामानं मधला भाग काळा कडक झालाय, कडेला रंग अजून तसाच. लहानपणी बोहाड्याच्या रात्री मी कुणाच्यातरी मांडीवर झोपायचे आणि राक्षस आला की मला उठवायचे. तो हाच असेल असं मी म्हणत नाही. पण कुणाच्यातरी आईचं लुगडं फाडून कुणीतरी मुखवटा आपल्या कपाळाला लागू नये म्हणून तो काठ लावलाय, आणि कॅटलॉगमध्ये त्याचा एक शब्द नाही.
सध्या तो आमच्या गल्लीतल्या आइस्क्रीमवाल्याच्या डीप फ्रीझरमध्ये आहे. पंधरा दिवसांनी निघेल.

ठोकबोली, ६:३०
२९ हजार! त्यात थोडे घातले असते तर छोटं गोंड चित्र आलं असतं.

तारपकरी, ७:०५
ताई, पुढून-मागून दोन्ही फोटो मला खासगी संदेशात पाठवा. तुटलेला कान डावाच ना? आमच्या बाजूच्या पाड्यावर एक म्हातारबाबा आहेत, १९७०-७५च्या काळापर्यंतची सोंगं त्यांना घराण्यासकट आठवतात. त्यांना दाखवतो.

वैतरणा_काठ, ७:११
डावाच. फोटो पाठवते. कुणाच्या घरातला हे कळलं तर मला सांगा दादा, यंदाच्या बोहाड्याला तो घेऊन मी येईन. त्यांना नाचवायचा असेल तर नाचवू दे, ठेवायचा असेल तर ठेवू दे.

अनुस्वार, ७:४०
वेगळा धागा काढलाय: 'बोहाडा की भोवाडा'. तारपकरी, त्या बाबांना हेही विचाराल का?